आत्या, तुझ्या रक्ताचा निकाल

आत्या, तुझं काय आलं ते कळलं.

सहज विचारल्यासारखं विचारायचीस तू. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. "स्वाते, माजं काय आलं गं?" आणि मी दरवेळी तेच ऐकवायचे, की रक्ताच्या नळीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, नावं सरांकडे बंद असतात, प्रयोगशाळेत बसून मला तुझी नळी कुठली हे कळायची सोय नाही. तुला ते कधीच पटलं नाही. "मशीनला माजं नाव म्हाईत नसंल, तुला तर हाय की," म्हणायचीस आणि तव्यावरची भाकरी अशी उलटायचीस, जणू तिनंच काहीतरी दडवून ठेवलंय.

आता कळलंय आणि सांगायला तू नाहीस. काल तुझं गोड जेवण झालं. बाबा संध्याकाळच्या गाडीनं मोहोळला गेले, माझ्याशी एक अक्षर न बोलता. तुझ्या घरात मी एकटी आहे. दुसऱ्या कुणाशी हे बोलण्यासारखं नाही आणि बोलले नाही तर डोकं फुटेल, म्हणून तुझ्याशीच बोलतेय.

माझं काम तुला समजावून सांगितलं होतं, आठवतंय? तोंडाचा, घशाचा कॅन्सर आमच्याकडे येतो तो बहुतेक वेळा उशिरा येतो. माणूस दवाखान्याची पायरी चढतं तेव्हा जबडा वाचवता येईल की नाही, इथपासून सुरुवात असते. म्हणून आम्ही शोधत होतो, की साध्या रक्तावरून आधीच काही कळतं का. गाठ इवलीशी असली तरी रक्तातल्या पेशींना तिचा सुगावा लागतो. त्यांच्यातली काही जनुकं जागी होतात, काही गप्प बसतात. कोण किती जोरात बोलतंय ते मोजायचं, त्याचा मिळून एक आकडा काढायचा. आकडा एका रेषेच्या वर गेला तर त्या माणसाला सांगायचं, बाबा रे, तोंड तपासून घे. हे सगळं ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली होतीस. "म्हंजी रगात चाड्या करतंय म्हन की!" तेव्हापासून माझ्या टेबलावरच्या यंत्राला मी मनातल्या मनात चहाडखोर म्हणते. एकदा परिषदेत बोलताना ते तोंडातून निसटता निसटता राहिलं होतं.

आजाऱ्यांचं रक्त ताडून बघायला निरोगी माणसांचंही रक्त लागतं. आणि धडधाकट माणूस फुकट सुई टोचून घ्यायला कशाला येईल? आम्ही दारोदार फिरून थकलो होतो. तर एका सकाळी तू आपणहून आलीस, आणि एकटी नाही, अख्खी गल्ली घेऊन आलीस. शेजारची नरसक्का, तिच्या पलीकडच्या दोघी जावा, पिठाच्या गिरणीवाली, सगळ्या ठेवणीतली पातळं नेसून, रिक्षांमध्ये कोंबून. मी वरच्या मजल्यावर होते. खालचा कलकलाट ऐकून कळलं, की आपलीच माणसं आलीत. मला तुझा इतका अभिमान वाटला, की मी सगळ्यांना सांगत सुटले, ती निळ्या पातळातली माझी आत्या, हिनं मला सांभाळलं, मोहोळहून शिकायला आले तेव्हापासून मी हिच्याच ताटात जेवलेय.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, मिश्रीवरून. बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही, पण आपल्या गल्लीत बायकांचा दिवस मिश्रीनंच उजाडतो. ओट्यावर बसायचं, काळी भुकटी तळहातावर घ्यायची आणि बोटानं दात-हिरड्या घासत सासवासुनांची उणीदुणी काढायची. तू जुन्या तव्यावर तंबाखू जाळायला घेतलीस की अख्खी गल्ली खोकायची. नरसक्का भिंतीपलीकडून तेलुगूत शिव्या घालायची आणि भुकटी कुटून झाली की वाटी घेऊन तीच आधी दारात हजर. मी म्हणायचे, "तंबाखूच आहे ही, आत्या." तू डोळे वटारायचीस. "तंबाखू तुजा बाप खातो, त्येला सांग जा. मी दात घासती." मी महागातली टूथपेस्ट आणून दिली, तर तू तिनं देवाची निरांजनं घासलीस आणि लखलखीत झालेली मला दाखवलीस. पुढं काय बोलायचं अशा बाईशी? मी हात टेकले होते. आणि बाबा अजून दिवसभर तंबाखू मळतात, त्यांच्या केसालाही धक्का नाही. हे बोलताना माझा जीव जळतो, पण खरं आहे ते बोलतेय.

मग तू शेंगाची चटणी चाखेनाशी झालीस. कुटायचीस तूच, पण चव बघायला मला हाक मारायचीस. तिखट सोसत नाही म्हणालीस, वय झालं म्हणालीस. मग दाढ टोचायला लागली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन दाढ काढून आलीस आणि ती जखम भरलीच नाही. पावसाळा आला तरी भरली नाही. मी ओढत सरांकडे नेलं. आमच्या या कामाचे प्रमुख सर, ते मुळात तोंडाचे सर्जन. त्यांनी तुला तोंड उघडायला सांगितलं, तर दोन बोटं जातील एवढंच उघडलं. सरांनी आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तेव्हाच मला कळलं, आणि तू आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत म्हणालीस, "च्या घेनार का सर?"

ऑपरेशनच्या आधी आपण नव्या पेठेत गेलो होतो. तुला फिक्या रंगाचं, मोठ्या पदराचं पातळ हवं होतं, तोंडावरून घ्यायला. दुकानदार जुना ओळखीचा. "काय झालं गालाला?" त्यानं विचारलं. "दाढ काडली," तू म्हणालीस, एकदम ठसक्यात. रिक्षात बसल्यावर माझा हात धरलास. "स्वाते, तोंडाचा झालाय म्हनून कुनाला सांगू नगंस. लोक काय म्हनतील? बाई मानूस असून गुटका खात व्हती म्हनतील. माज्या माघारी बी नगं सांगू." मी हो म्हणाले. त्या वेळी तू मला विष मागितलं असतंस तरी मी हो म्हणाले असते. गल्लीत, मोहोळला, सगळीकडे एकच सांगितलं, दाढेचं दुखणं वाढलंय.

त्यानंतर तुझा आवाज गेला. नाकात नळी, गालावर मांडीची कातडी, आणि बोलायला गेलीस की नुसता घरघर आवाज. तेवढी बडबडी बाई तू. मी आंबील गाळून नळीतून घालायचे आणि तू छताकडे बघत राहायचीस. पण एक खूण तू सोडली नाहीस. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथून रक्त काढलं होतं तिथं बोटानं टकटक करायचीस आणि भुवया उंच करायचीस. माझं काय आलं? मी मान हलवायचे. आजारी पडलेल्या माणसाचा नंबर उघडून बघता येतो आत्या, पण त्याला संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीची परवानगी लागते, आणि समितीला घाई नव्हती. मी चिडले, रडले, सरांच्या दारात जाऊन बसले. सर तरी काय करणार? परवानगी आली तेव्हा तू गेली होतीस.

नंबर उघडायच्या दिवशी मी देवापुढं बसले आणि काय मागावं तेच कळेना. तुझा आकडा रेषेच्या वर निघावा असं मागू? म्हणजे रक्त ओरडून सांगत होतं आणि आम्ही ते डब्यात गोठवून ठेवलं. खाली निघावा असं मागू? म्हणजे माझी उभी तिशी ज्या कामात गेली ते काम तुझ्यासारख्या बाईपुढे आंधळं. मी दिवा लावला आणि काही न मागता उठले.

सर म्हणाले, "स्वाती, आत्यांचा आकडा रेषेच्या खाली होता."

मी खुर्चीवर बसले. हसू आलं मला, खरंच. म्हटलं संपलं, यंत्र विकून टाका, मी मोहोळला जाऊन शेती करते. सर समजूत घालत होते, की एका बाईवरून असं काही ठरत नाही. आणि बोलता बोलता ते म्हणाले, "आणि त्यांना तंबाखूची सवय नव्हती, त्यामुळे तर कुणाच्या डोक्यातच आलं नसतं."

"कोण म्हणालं नव्हती?"

"त्याच म्हणाल्या. त्या दिवशी आलेल्या सगळ्याच. तंबाखू, गुटखा, मावा, बिडी, काहीच नाही."

आत्या, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही एका सुरात नाही म्हणालात! आणि खोटंही बोलला नाहीत, तेच तर दुःख आहे. तुमच्या लेखी ते दात घासणं होतं. रक्त घेण्याआधी फॉर्म भरून घेणारी मुलगी बाहेरगावची, हसतमुख, तिनं मिश्री हा शब्दसुद्धा कधी ऐकला नसेल. आणि तुम्ही सगळ्या निरोगी, निर्व्यसनी बायकांत जाऊन बसलात, ज्यांच्या रक्तावरून आम्ही रेषा मारली.

रेषा मारतात म्हणजे काय, तर निरोगी माणसांचे आकडे साधारण जिथं संपतात तिथं खूण करायची. पण तुमच्या हिरड्या वर्षानुवर्षं चाळवलेल्या, तुमचं रक्त निवांत बायकांसारखं कसं असेल? तुमच्या आकड्यांनी ती रेषा वर ढकलली. मी सरांसमोरच संगणकावर त्या तारखेचे, म्हणजे तुम्हा सगळ्यांचे, नंबर बाजूला काढले आणि पुन्हा हिशेब केला. रेषा खाली सरकली. तुझा आकडा तिच्या वर होता. फार नाही. पण वर होता.

तुझ्या रक्तानं चहाडी केली होती. आम्हाला ती ऐकू आली नाही, कारण तुम्ही सगळ्या मिळून भोवती बसला होतात.

आणि तू एकटीच वर नव्हतीस. त्या दिवशी आलेल्यांपैकी आणखी काही जणी. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मिश्रीनंसुद्धा आकडा वाढत असेल, स्वाती. यातल्या एकीलाही काही नसेल. अजून काही सिद्ध झालेलं नाही, हे आकडे आपण कुणाला सांगू शकत नाही." बरोबर बोलत होते ते. मी म्हटलं, "आकडे राहू देत. तोंड बघायला तर कुणाची परवानगी लागत नाही?" ते म्हणाले, "तोंड उघडतील का त्या?" मी म्हटलं, "कारण सांगितलं तर उघडतील." आणि तिथं मी अडकले. कारण एकच होतं आणि ते न सांगायचं वचन मी तुला दिलं होतं.

तेव्हापासून कालपर्यंत मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. तू गप्प होतीस म्हणून तुझी बाजूही मीच मांडत होते, आणि खरं सांगू का, तुझीच बाजू जिंकत होती. जिवंतपणी तुझा आवाज गेला, चेहरा गेला. राहिली होती ती तेवढी अब्रू. ती पण मी चव्हाट्यावर मांडू?

काल सगळ्या जेवायला आल्या. सरांना मीच बोलावलं होतं, ते कोपऱ्यात खिशात बॅटरी ठेवून बसले होते. पंगत उठली, बायका आतल्या खोलीत टेकल्या, आणि गिरणीवालीनं हळहळत म्हटलं, "दाढंचं निमित्त झालं बगा. कसली खमकी बाई."

माझ्या तोंडून निघून गेलं. "दाढेचं नव्हतं. तोंडाचा कॅन्सर होता. मिश्रीनं झाला."

बाहेरून बाबा ओरडले, "स्वाती, गप बस!" मी गप बसले नाही. सगळं सांगितलं. गालाला पडलेलं भोक सांगितलं, नळी सांगितली, शेवटी शेवटी तू आरसा उलटा करून ठेवायचीस ते सांगितलं. "तुम्ही सगळ्यांनी तोंडं दाखवा, सर आलेत," म्हटलं. धाकटी जाऊ म्हणाली, "कॅन्सर तंबाखू खानाऱ्याला व्हतो, आमी कुटं खातो?" मोठी म्हणाली, "मेलेल्या मानसाला असं बोलू ने गं." आणि एकेक जण उठायला लागली. नरसक्का तर सगळ्यांच्या आधी उठली आणि तरातरा निघून गेली. खोली रिकामी झाली. आत्या, मला वाटलं तुझी अब्रू मी उगाच घालवली. तुझ्या फोटोकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

सर निघायला उठले तेवढ्यात नरसक्का परत आली. दार लावून घेतलं आणि सरांच्या पुढ्यात फतकल मारून बसली. डोळे मिटले आणि तोंड उघडलं. सरांनी बॅटरी लावली. मी मागून वाकून बघितलं. उजव्या गालाच्या आत, खाली, पांढरा खरखरीत चट्टा आणि त्याच्या मधोमध लाल.

"किती दिवस आहे हे?" सरांनी विचारलं.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुज्या आत्याला म्हाईत व्हतं. तिनं माजं बगितलं, मी तिचं बगितलं. मोबाइलची बत्ती लावून. दोगींचं सारकंच व्हतं."

"कधी?"

"रगात द्यायच्या आदी. तीच म्हनली, आपुन रगात दिऊन येऊ. पोरीच्या मशीनीत काय आसंल ते कळंल. कुनाला तोंड दावायला नगं."

तर असं होतं ते. अख्खी गल्ली गोळा करून तू आलीस ती विज्ञानासाठी नाही आणि माझ्या कौतुकासाठीही नाही. तुला भीती वाटत होती, आणि तोंड उघडण्यापेक्षा हात पुढं करणं तुला सोपं वाटलं. म्हणून विचारत होतीस भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता. आत्या, मी शेजारच्या खोलीत झोपत होते. अगं, एकदा नुसतं आ करायचं होतंस माझ्यासमोर. तुझ्या हातचं खाऊन मोठी झालेली मी, माझी कसली लाज? मी तुझ्यावर इतकी रागावलेय, की मला रडूही येत नाहीये. आणि तरी, तुझी सगळी भिस्त माझ्या त्या यंत्रावर होती हे कळल्यापासून मला त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकवत नाहीये. जगात कुणीच त्याच्यावर एवढा विश्वास ठेवला नव्हता, मीसुद्धा नाही.

सर म्हणाले, नरसक्काचं अजून हाताबाहेर गेलेलं नसावं, पण तुकडा काढून तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही. उद्या सकाळी मी तिला घेऊन जाणार आहे. निघताना तिनं माझा हात धरला, घट्ट. "स्वाती, हे कुनाला सांगनार न्हाईस न्हवं?"

"सांगणार," मी म्हटलं. "आधी तुमच्या सुनेला सांगणार. तीही लावते ना मिश्री."

तिनं हात झटकला आणि तेलुगूत मला सणसणीत शिवी दिली. उंबऱ्यापर्यंत गेली. मग पाठमोरीच म्हणाली, "किती वाजता निगायचं?"